दहीसाखर

शेजारून दह्याचा आंबूस वास आला की नव्वदच्या दशकातली ती सकाळ आठवते. लहानग्या लेकीच्या हृदयाची जन्मतःच अरुंद असलेली झडप मांडीतून नळी घालून उघडणार होते. घणसोलीच्या खोलीतून निघताना सवयीने मी तिच्या तळहातावर दहीसाखर ठेवली, तिने चाटली. दवाखान्यात सगळे धोके ऐकून ह्यांनी सही केली. मग डॉक्टर म्हणाले, "उपाशीच आहे ना? भूल दिल्यावर उलटी झाली तर जिवावर बेतेल." ह्यांना काही ठाऊक नव्हतं, "व्हय, पाणीबी न्हाई दिलं," म्हणाले. मी बोलले तर तारीख पुन्हा चार महिन्यांनी, आणि लेकीचे ओठ आत्ताच निळे. मी गप्प राहिले. दार लागलं. पदर तोंडात कोंबून बाकावर बसले. ती सुखरूप बाहेर आली. परवा नव्या नोकरीला निघताना तिने विचारलं, "आई, तू मला कधीच दहीसाखर का गं देत नाहीस?" मी तिच्या डब्याचं लागलेलं झाकण पुन्हा पुन्हा दाबत राहिले.