सिग्नलवाल्या बाई

हिंदमाताच्या नाक्यावर सुट्टीच्या दिवशी दुपारी एखादी अशी घटका येते, की रस्ता चक्क रिकामा असतो. साड्यांची दुकानं अर्धी बंद, पुलाखाली सावली, लांबपर्यंत एकही गाडी नाही. अशा रिकाम्या रस्त्याच्या कडेला, लाल दिव्यासमोर, पाय जुळवून एक बाई उभ्या असायच्या. दिवा हिरवा होईपर्यंत हलायच्या नाहीत. दुकानातली मुलं त्यांना सिग्नलवाल्या बाई म्हणायची. शेजारी मी असे. मला त्यांनी काही नाव दिलं नव्हतं. माझ्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

बाई जपानच्या. तिथल्या एका लहान गावातून वर्षभरासाठी लालबागच्या एका क्लासमध्ये जपानी शिकवायला आल्या होत्या. आमच्या विहारातल्या ओळखीतून त्यांची राहायची सोय आमच्या घरी झाली. आई त्यांना ताई म्हणायची, म्हणून माझ्या त्या मावशी. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं, पण मराठी पुस्तकातून शिकून आल्या होत्या. मी इंग्रजी शाळेतली, चार लोकांत मराठी बोलताना शब्द चाचपणारी. त्यामुळे आमचं जमलं. दोघी सावकाश बोलायचो, मध्येच गप्प झालो तरी कोणाला काही वाटायचं नाही. मलाच काय, जिन्यातल्या मांजरालाही त्या ‘तुम्ही’ म्हणत.

पहिल्या दिवशी त्या खुशीत म्हणाल्या होत्या, “आमच्याकडेही गाड्या डावीकडूनच जातात. मला जमेल.” आमची बिल्डिंग नाक्यावरच, आणि बसस्टॉप समोर, रस्त्यापलीकडे. बऱ्याच वेळानं आईनं गॅलरीतून पाहिलं, तर बाई अलीकडेच उभ्या, स्टॉपकडे बघत. दिवा हिरवा झाला तरी वळणाऱ्या गाड्या थांबत नव्हत्या. क्लास बुडाला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना सोडायचं काम माझ्याकडे आलं. मी घरूनच काम करायचे, दुपारनंतर. सकाळ माझी मोकळी होती.

ओलांडताना त्या माझं मनगट धरायच्या. हात थंड आणि इतका हलका, की धरलाय की नाही ते बघावं लागे. एखादी गाडी आमच्यासाठी थांबली, की बाई रस्त्याच्या मधोमध थांबून ड्रायव्हरला वाकून नमस्कार करायच्या. त्यांच्या गावात लहान मुलंसुद्धा करतात म्हणे. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागायच्या. एकदा एक टॅक्सीवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “मॅडम, नमस्ते उधर जाके करो.” मी अर्थ सांगितला. बाईंना ते पटलं. पलीकडे पोचून त्या वळल्या आणि निघून गेलेल्या टॅक्सीच्या दिशेनं वाकल्या.

बसमध्येही तसंच. बस पूर्ण थांबल्याशिवाय त्या उठायच्या नाहीत, आणि उठेपर्यंत बस सुटायची. कंडक्टर समजावून थकला. मग आम्ही लालबाग मागे टाकून भायखळ्यापर्यंत जायचो. त्या खिडकीतून बघत राहायच्या: जुन्या चाळींच्या गॅलरीत वाळणारे कपडे, त्यांच्या मागे काचेचे उंच टॉवर, एखाद्या गिरणीची उरलेली चिमणी. ऊन त्यांच्या मांडीवर यायचं, जायचं. भायखळ्याच्या बाजारात उतरून आम्ही मेथीची जुडी घ्यायचो आणि उलटी बस पकडायचो. क्लासला उशीर व्हायचा. मेथी त्या शिकवताना टेबलावर ठेवत.

क्लासवाले कुरकुरायला लागले होते. बाईंची मुलगी जपानहून फोनवर रोज परत ये म्हणायची. एकदा फोन ठेवून बाई मला म्हणाल्या, “कोणाचा तरी हात धरून मी शिकवायला जाते. मग मुलांना काय शिकवणार? या महिन्यात एकटीनं जाता आलं नाही, तर मुलीचं खरं. मी जाईन.” आवाज नेहमीसारखाच होता. फक्त त्या दिवशी मांजराशी बोलल्या नाहीत.

त्यांना जमावं असं मलाही वाटायचं. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या, की वाटेनासं व्हायचं.

काय चुकतंय ते मला हळूहळू दिसलं. त्या गाडीकडे बघत होत्या. मी सांगितलं, मावशी, गाडीकडे नको, चालवणाऱ्याकडे बघा. त्यानं तुमच्याकडे बघितलं की निघा, आणि मग थांबू नका. त्यांनी विचार केला. म्हणाल्या, “आमच्याकडे माणसं दिव्याकडे बघतात. इथे एकमेकांच्या डोळ्यांत बघतात.” आणि जरा वेळानं, “तुम्हीसुद्धा?” मी हसले. घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जाते. दुकानदाराशी बोलताना काउंटरकडे बघते. पण रस्त्यावर रोज कितीतरी अनोळखी माणसांच्या थेट डोळ्यांत मी बघत आले होते, न लाजता, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

वर्ष संपलं, बाई त्यांच्या गावी गेल्या. विमानतळावरचा निरोप मला फारसा आठवत नाही. आठवते ती त्याच्या कितीतरी आधीची एक सकाळ. मी बॅग खांद्याला अडकवून चपला घालत होते. त्या दारात वळून म्हणाल्या, “आज तुम्ही घरी थांबा.”

मी गॅलरीत गेले. खाली सिग्नल बंद पडला होता, नुसता पिवळा दिवा उघडझाप करत होता. आता त्या परत वर येतील असं मला वाटलं. त्या कडेला उभ्या राहिल्या, पाय जुळवून. पाण्याचा एक टँकर येत होता. बाईंनी मान उचलून वर केबिनकडे पाहिलं आणि निघाल्या. टँकर हळू झाला. मागून रिक्षासारखा चिंचोळा टेम्पो घुसला, तर बाईंनी त्याच्याकडेही तसंच पाहिलं. तोही थांबला. त्या वाकल्या नाहीत, धावल्या नाहीत. कमी पाण्यातून चालत जावं तशा गेल्या. पलीकडे पोचल्यावर वळून बघतील म्हणून मी हात वर करून ठेवला होता. पण बस आली, आणि त्या चढल्यासुद्धा.

आई मागे येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, “पोचल्या का गं ताई?”

मी मान डोलावली. बस पुलाच्या सावलीत शिरून दिसेनाशी झाली, तरी मी तिथेच होते.

“मग आता ती बॅग खांद्यावरून उतरव,” आई म्हणाली.