पहिल्या तुकडीतल्या आजी

निशिगंधाच्या हारांचा वास आला की कोलकात्यातल्या आमच्या जुन्या खासगी विद्यापीठाचा स्थापनादिन आठवतो. मुलींच्या पहिल्या तुकडीपैकी हयात असलेल्या एकट्याच आजी, आम्हा विद्यार्थिनींच्या ‘दिदा’, सत्काराला आल्या होत्या आणि त्यांची चाकांची खुर्ची मी ढकलत होते. कुलगुरूंनी माइक पुढे धरला तशा त्या बंगालीत म्हणाल्या, “इथल्या मुलांनी आम्हाला रोज छळलं. माझ्या मैत्रिणीने याच गच्चीवरून उडी मारली.” माइक बंद झाला. कुलगुरू हसत टाळ्या वाजवू लागले, मग सगळं सभागृहच वाजवू लागलं. बाहेर आल्यावर आजींनी मला विचारलं, “त्यांना ऐकू गेलं ना?” मी म्हटलं, “हो, दिदा.” “मग टाळ्या कशाला?” आता मी तिथेच शिकवते. त्यांचा त्या दिवशीचा फोटो आम्ही दरवर्षी प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेवर छापतो.