आमदारबाई, जरा चहाचं बघा

मुलुंडला साहेबांच्या बंगल्यावर पक्षाची बैठक होती. सगळे पुरुष. बाई मी एकटीच. नुकतीच आमदार झालेली. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "आमदारबाई, जरा चहाचं बघा."

मी उठले. सवयच ती. स्वयंपाकघराच्या दारात साहेबांची आई आडवी आली.

"थांब गं. तिथंच थांब. ओट्याला हात लावू नकोस." मग बाहेर ओरडली, "हिला कशाला आत पाठवलंस रे?"

साहेब तिकडून म्हणाले, "राहू दे, राहू दे. बसा बाई तुम्ही."

कुणी हसलं नाही. कुणी वर बघितलंही नाही. बाई म्हणून आत धाडली, बौद्ध म्हणून दारातून परत फिरवली. मी येऊन बसले. दुसऱ्या कुणीतरी आणलेला चहा प्यायले. तोही प्यायले, याची चीड आजही जात नाही.

मला तिकीट का मिळालं ते ठाऊक होतं. भांडुपच्या कारखान्यात पॅकिंगला होते, वस्तीत पाण्यासाठी मोर्चे काढत होते. पक्षाला आमच्या वस्त्यांची मतं हवी होती आणि एक बाई दाखवायला हवी होती. दोन्ही माझ्यात मिळालं. विधानसभेत साहेबांनी खूण केली की हात वर करायचा. बोलायला उठले की मागून कुणीतरी म्हणायचं, "बसा हो बाई."

मग एका सकाळी भांडुपच्या डोंगरावरच्या झोपड्या पाडायला गाड्या आल्या. पक्षाच्या पोरांनी मला घरून जीपमध्ये घालून नेलं. साहेब आधीच तिथं होते.

सुमन आपल्याच घराचे पत्रे उतरवत होती. मोडून जाण्यापेक्षा हाती लागलेले बरे. प्रचारात माझ्या नावानं घसा बसेपर्यंत ओरडलेली ही बाई. मला बघून थांबली.

"आमदार झालीस ना गं? मग बोल की काहीतरी."

साहेबांनी माझ्या हातात भोंगा दिला. "तुमचीच माणसं आहेत. सांगा, पर्यायी जागा मिळेल."

"कुठं?"

"ते आत्ता कशाला? तुम्ही नुसतं सांगा."

मी भोंगा तोंडाला लावला.

"जागा कुठं ते साहेबांना माहीत नाही. कुणी हलू नका."

आणि सुमनच्या दारात बसले. मागोमाग बाया बसल्या. साहेब दातओठ खात म्हणाले, "संपलात तुम्ही."

पोलिसांनी फरफटत नेलं. घरं पडलीच. सुमन त्यानंतर कुठं गेली, मला सापडली नाही. पुढच्या वेळी तिकीट कापलं. अपक्ष उभी राहिले, आपटले. साहेब सभेत म्हणाले, "वर आणलं, पण लायकी नव्हती."

परवा पक्षाची दोन पोरं आली. माजी आमदारांचा सत्कार आहे म्हणे, घाटकोपरला.

"भाषण कुणाचं?"

"साहेबांचं. तुम्हाला शाल आहे, ताई. स्टेजवर खुर्ची आहे."

नवरा म्हणाला, "जाऊ नकोस. पुन्हा अपमान करतील."

जाणार आहे. स्टेजवर नाही. शाल नको. खाली लोकांत बसणार, आणि साहेब बोलायला उभे राहिले की मीही उभी राहणार. डोंगरावरची माणसं कुठं घातलीत, एवढंच विचारणार. बसा म्हणतील. बसणार नाही.