मिस वर्लीन उभ्या राहिल्या

आमच्या जॉर्जियातल्या काळ्यांच्या चर्चमध्ये नोव्हेंबरात माजी सैनिकांना उभं करून टाळ्या वाजवतात. मिस वर्लीन उभ्या राहिल्या, तसे हेडमास्तर लमार माइकवरून म्हणाले, "बसा बाई, सैनिकांच्या विधवांना नंतर बोलावतो."

"मी लग्नच केलं नाही, विधवा कुठली? युद्धात लष्कराचा ट्रक चालवला मी, बिघडला तर दुरुस्तही केला. तू तेव्हा छावणीत बटाटे सोलत होतास!"

याच बटाटेबहाद्दराने शाळेत मुलांना मोटारदुरुस्ती आणि आम्हा मुलींना शिवणकाम वाटून दिलं होतं.

प्रार्थनेनंतर त्याची गाडी सुरू होईना. सगळे पुरुष बॉनेटभोवती नुसते माना डोलवत उभे. शेवटी लमार पुटपुटला, "मिस वर्लीन, जरा बघता का?"

"आत्ताच कशी हाक मारलीस? विधवांना नंतर बोलावतात ना!"

आणि त्या चालत घरी गेल्या.