दारू लिहायची की म्हातारपण?

मंडळी, पिऊन पिऊन स्मरण गेलेल्या माणसाला तुमच्याकडं काय म्हणतात? आमच्या वालुरात 'वय झालं' म्हणतात. माझ्या वडिलांना, आबांना, आमीपण तेच म्हणायचो.

आज त्यांना परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आबा, आपलं राज्य कोणतं?"

"हैदराबाद! आता मुंबईला जोडणार म्हणून ऐकायलोय."

आमचा मराठवाडा हैदराबादेतून मुंबई राज्यात गेला, ही छप्पन सालची गोष्ट. तेव्हा आबा शाळेत होते.

डॉक्टर कागदावर लिहू लागले, 'दारूमुळे झालेला स्मृतिभ्रंश'. थोरल्या भावानं त्यांचा हात धरला. "साहेब, दारूचं काढा. पोरीला बघायला पाव्हणे यायलेत. नुसतं म्हातारपण लिवा."

आबांचा हात मायवर उठायचा, तेव्हा यानं तो एकदाही धरला नव्हता.

माय आजवर लोकांना 'त्यायची तब्येत बरी न्हाई' एवढंच सांगत आली. ना कधी नवऱ्याचं नाव घेतलं, ना दारूचं. आज तीच म्हणाली, "दारूच लिवा डॉक्टर. लय प्यायले. लय मारलं."

आबा दचकले. "कोण मारायचं गं तुला?"

त्यांच्या सदऱ्याची गुंडी लावत माय म्हणाली, "होता एक. तुमी न्हाई वळखायचे त्याला."