बोलायच्या जागी प्रश्नचिन्हं

हेमंत गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मी कारखान्याच्या स्टोअरच्या खिडकीत बसलो होतो आणि समोर उभा असलेला फिटर मला बेअरिंगचा नंबर सांगत होता. फोन हेमंतच्या मेहुण्याचा होता. "नाना, दाजी गेले. आत्ताच... पंधरा मिनिटं झाली." मी "बरं" म्हणालो. फोन खाली ठेवला, रॅकपाशी गेलो, बेअरिंग काढलं, कपड्याने पुसलं, फिटरच्या हातात दिलं आणि त्याची सही घेतली. तो वळून चालू लागल्यावर मला कळलं की आपल्याला काय सांगितलं गेलंय. हा फोन येणार हे गेले कित्येक महिने ठाऊक होतं. तरी मी "बरं" म्हणालो, याची आज दीड महिन्यानंतरही लाज वाटते. पण दुसरं काय म्हणणार होतो, तेही अजून सुचलेलं नाही.

हेमंत शहाद्याकडचा, मी शिरपूरचा. नोकरीच्या गावी, सिल्वासात, दोघांनाही खानदेशी म्हणूनच ओळखतात, म्हणून आमची गाठ पडली असं लोकांना वाटायचं. खरं म्हणजे आमची गाठ भांडणातून पडली. खडोलीच्या आमच्या कारखान्यात धागा तयार होतो. हेमंत तेव्हा मशीनवर ऑपरेटर होता, आयटीआय करून आलेला, विशीतला. त्याचं मशीन एका लहानशा सीलपायी बंद पडलं होतं आणि मी ते सील शोधत चार रजिस्टरं उलटीपालटी करत होतो. पाऊण तास तो खिडकीशी उभा राहिला. शेवटी म्हणाला, "नाना, तुमच्याकडे वस्तू आहे की नाही हे तुम्हालाच माहीत नाही." मला राग आला. मी म्हणालो, "मग तू सांग." तो मशीनकडे परत गेला. तीन महिन्यांनी एका दुपारी, पहिली शिफ्ट सुटल्यावर, तो परत आला आणि माझ्या कॉम्प्युटरवर त्याने एक पान उघडून दाखवलं. वर एक चौकट होती. तिच्यात पार्टचं नाव टाकलं की तो कोणत्या रॅकवर, कितव्या खणात आहे, हे खाली यायचं. हे त्याने मोबाइलवर व्हिडिओ बघून, नरोलीच्या भाड्याच्या खोलीत, एका जुन्या लॅपटॉपवर शिकून केलं होतं. "जमनं हो नाना," एवढंच म्हणाला. वर्षभरात साहेबांनी त्याला मशीनवरून काढून ऑफिसात बसवलं.

त्यानंतर लोक त्याला प्रश्न विचारायला यायला लागले. नाशिक-पुण्याहून आलेले पदवीवाले इंजिनिअर, जवळच्या सायली गावातल्या कारखान्यांत कामाला असलेले पण संध्याकाळी वेबसाइट बनवायला शिकणारे कामगार, असे सगळे. जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यातलं टेबल त्याचंच झालं होतं. प्रश्न बहुतेक तेच तेच असायचे आणि तो कधी कंटाळला नाही. कुणी विचारायचं, "आधी कोणती भाषा शिकू?" तो म्हणायचा, "बनवायचं काय आहे ते आधी सांग." कुणी म्हणायचं, "मी कोड बदलला, पण पान जुनंच दिसतंय." तो म्हणायचा, "ब्राउझर जुनं पान जपून ठेवतो. त्याला सांग, टाकून दे म्हणून." एकजण हमखास तक्रार करायचा, "मेरे लॅपटॉप पे चलता है, सर्व्हर पे नहीं चलता." त्यावर हेमंत शांतपणे विचारायचा, "तो तेरे लॅपटॉप पे ऐसा क्या है, जो वहाँ नहीं है?" माणूस विचार करत निघून जायचा आणि तासाभरात हसत परत यायचा. मात्र "चालत नाही" एवढंच सांगितलेलं त्याला खपत नसे. "चालत नाही हा प्रश्न नाही," तो म्हणे. "तू काय केलंस, काय व्हायला पाहिजे होतं आणि काय झालं, हे तीन सांग." सुरुवातीला इंटरनेटवर मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकल्यावर परक्या लोकांनी त्याला फार टोचून उत्तरं दिली होती. तेव्हापासून प्रश्न नीट मांडायला तो शिकला, आणि दुसऱ्या कुणाला तसं टोचायचं नाही हेही तेव्हाच ठरवलं, असं त्याने मला एकदा सांगितलं होतं.

आजाराची पहिली खूण आम्ही दोघांनीही ओळखली नाही. टाइप करताना त्याच्या डाव्या हाताखालची अक्षरं गळायला लागली. त्याने कीबोर्डला दोष दिला. मी स्टोअरमधून नवा काढून दिला. आठवड्याने म्हणाला, "नाना, हाही तसाच." मी दुसरा दिला. मग एक दिवस कँटीनमधून परत येताना त्याच्या पायातली चप्पल निघून मागे राहिली आणि चार पावलं गेला तरी त्याला कळलं नाही. मी उचलून आणून दिली. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "कीबोर्ड बरोबर होता."

वापी झालं, सुरत झालं, शेवटी मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांकडे आम्ही तिघं गेलो, हेमंत, त्याची बायको कविता आणि मी. डॉक्टर भले होते. स्नायूंना निरोप पोचवणाऱ्या नसा एकेक करून बंद पडतात, मन आणि बुद्धी शाबूत राहतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. हेमंतने अगदी त्याच्या सवयीने विचारलं, "सर, हे कशामुळे झालं? थांबवायला काय करायचं? आणि पुढे काय होणार?" पहिल्या दोन प्रश्नांना डॉक्टरांनी "माहीत नाही" म्हटलं आणि तिसऱ्याचं उत्तर दिलं. आम्ही गाडीने परत निघालो. पालघरच्या पुढे कधीतरी तो म्हणाला, "मला वाटायचं, आपल्याला पडलेला प्रश्न आधी कुणाला तरी पडलेलाच असतो. कुणीतरी उत्तर लिहून ठेवलेलं असतं, आपण फक्त शोधायचं..." कविता खिडकीबाहेर बघत होती.

त्याची नोकरी सुटल्यावर मी दर रविवारी सकाळी नरोलीला जायला लागलो. दमणगंगेच्या पुलावर आलो की जीव धास्तावायचा, आज आणखी काय गेलेलं असेल म्हणून. आधी डावा हात गेला, मग चालणं गेलं. मग बोलणं जड झालं. त्याचं बोलणं कविताला कळायचं, मला निम्मं कळायचं आणि तिसऱ्याला काहीच नाही. तेव्हा त्यानेच ही गोष्ट काढली. उजव्या हाताचं एक बोट चालतंय तोवर एक पान तयार करायचं. पानावर सहा मोठी बटणं. पाणी, कूस बदला, दुखतंय, कफ, पंखा, कविता. एकेका बटणावर आपोआप उजेड फिरत राहील. हव्या त्या बटणावर उजेड आला की त्याने बोटाने स्पेसबार दाबायचा, की कॉम्प्युटर तो शब्द बोलेल. "मी सांगतो," तो अडखळत म्हणाला, "तुम्ही लिहा."

मी पन्नाशीचा स्टोअरकीपर. मी म्हणालो, "अरे, मला येत नाही. त्या पुण्याच्या पोराला सांगू." पुण्याचा इंजिनिअर दोन रविवार आला, खरोखर मनापासून आला, आणि मग त्याची दुसऱ्या कारखान्यात बदली झाली. राहिलो मी.

आवाज कुणाचा भरायचा यावर कविता पहिल्यांदाच तिरसटली. "माझा नको. यांनी मला मारलेली हाक मलाच माझ्या आवाजात ऐकू येईल." म्हणून मग माझा आवाज भरला. शेजारच्या कारखान्याचा भोंगा मध्येच वाजायचा, म्हणून "पाणी" हा शब्द मी सात वेळा बोललो.

ते पान लिहायला मला दोन महिने लागले. हेमंतचे हात चालत असते तर त्याचं ते एका दुपारचं काम. कँटीनच्या टेबलावर जे प्रश्न मी वर्षानुवर्षं शेजारी बसून ऐकले, ते सगळे आता मलाच पडले. बटण दाबलं तरी काही होत नव्हतं. तो म्हणाला, "बटण जन्मायच्या आधीच तुम्ही त्याला हाक मारताय. ती ओळ खाली न्या." खाली नेली, चाललं. एका रविवारी मी मोठ्या हौसेने पान उघडलं तर सहाही बटणांवर शब्दांऐवजी ओळीने प्रश्नचिन्हं आली होती. मराठी अक्षर एकही नाही. हेमंत बघत राहिला आणि मग हसायला लागला. हसताना त्याला श्वास पुरत नव्हता, कविताने धावत येऊन त्याची मान धरली. बऱ्याच वेळाने त्याने जे सांगितलं ते कविताने मला सांगितलं. "ते म्हणतायत, बोलायच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. आणि म्हणतायत, सेव्ह करताना खाली एन्कोडिंग लिहिलेलं असतं, ते बदला." मी बदललं. मराठी परत आली. त्याचं ते हसणं मी शेवटचं ऐकलं.

त्यानंतरच्या अडचणीला त्याच्याजवळ बोलणंही उरलं नव्हतं. स्पेसबार दाबला की शब्द ऐकू यायचा, पण सगळं पान धाडकन खाली सरकायचं आणि बटणं दिसेनाशी व्हायची. मी त्याच्या खाटेशी बसून माझा कोड एकेक ओळ वाचून दाखवला. चूक जिथे असेल तिथे त्याने बोट उचलायचं, असं ठरलं. दीडशेच्या वर ओळी होत्या. तो डोळे मिटून ऐकत होता. एका ओळीवर बोट उचललं गेलं. मी विचारलं, "ही चुकली?" बोट हललं नाही. "हिच्यात काही राहिलंय?" बोट उचललं. काय राहिलंय ते मात्र तो सांगू शकत नव्हता आणि मला समजत नव्हतं. मी घरी येऊन इंटरनेटवर शोधलं, त्याने शिकवल्याप्रमाणे तीन गोष्टी नीट लिहून प्रश्न टाकला. काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं. कुठल्यातरी लांबच्या देशातल्या माणसाने एका ओळीचं उत्तर पाठवलं. स्पेसबार दाबला की पान खाली सरकवायचं, ही ब्राउझरची जन्मजात सवय. ती त्याला सोडायला सांगावी लागते. ती एक ओळ मी हेमंतने दाखवलेल्या जागी लिहिली.

पान चाललं. शनिवारी दुपारी चाललं. पहिला शब्द त्याने "कविता" दाबला. स्वयंपाकघरातून ती आली, हात पुसत, आणि माझा आवाज ऐकून माझ्याकडे बघत म्हणाली, "काय नाना?" मी हेमंतकडे बोट दाखवलं. ती तिथेच उभी राहिली. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा दाबलं...

सहा दिवस ते पान त्याला उपयोगी पडलं. सातव्या दिवशी कविताचा फोन आला, "नाना, पान चालत नाही." मी शिफ्ट बदलून गेलो. पान चालत होतं. उजेड एका बटणावरून दुसऱ्यावर व्यवस्थित फिरत होता. बोट चालत नव्हतं. मी कीबोर्ड कलता ठेवला, हलकं दाबलं जाणारं बटण आणून जोडलं, हाताखाली उशी दिली, बोट स्वतः उचलून बटणावर ठेवलं. ते तिथे नुसतं पडून राहिलं. मी म्हणत होतो, "थांब, काहीतरी करतो, थांब." हेमंतने माझ्याकडे बघितलं आणि सावकाश डोळे मिटले. तो डोळे मिटायचा तेव्हा त्याचा अर्थ "नाही" असायचा.

डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं यंत्र मिळतं असं कळलं, म्हणून एका संस्थेकडे अर्ज केला. कॅमेऱ्याने डोळे ओळखायचे कसे, हे मी शिकायला घेतलं. इंटरनेटवर विचारलं तर उत्तरं आली, पण ती मला वाचता येत नव्हती. त्यांतल्या एकेका शब्दासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागला असता, आणि त्या उत्तरातल्या शब्दांसाठी पुन्हा... ज्याला विचारायचं तो समोर निजलेला होता आणि त्याला सगळं माहीत होतं. मी स्क्रीन त्याच्यासमोर धरायचो. तो वाचायचा. त्याचे डोळे ओळीवरून ओळीवर जाताना मला दिसायचे आणि कुठेतरी थांबायचे, पण ते का थांबले हे मला कधी कळलं नाही. शेवटच्या रविवारी मी लॅपटॉप नेलाच नाही. शेजारी बसून कारखान्यातल्या गोष्टी सांगत राहिलो. निघताना म्हणालो, "हेमंत, मी कमी पडलो रे." तो बघत होता. त्याने डोळे मिटले. तो "नाही" म्हणाला की नुसता दमला होता, हे मी कविताला विचारलं. तिलाही सांगता आलं नाही. चौथ्या दिवशी तो फोन आला. संस्थेचं पत्र त्यानंतर दोन आठवड्यांनी आलं. अर्ज मंजूर झाला होता. कविता आता शहाद्याला असते.

स्टोअरमध्ये त्याचा प्रोग्रॅम अजून चालतो. परवा नवा आलेला एक फिटर खिडकीशी उभा होता. त्याने सांगितलेलं नाव मी टाकलं, काहीतरी चुकलं असावं, आणि स्क्रीनवर ओळ आली, "हा पार्ट यादीत सापडला नाही. स्पेलिंग तपासा. तरीही सापडला नाही तर हेमंतला विचारा." फिटर म्हणाला, "हेमंत कौन है? कहाँ बैठता है?" मागे मॅनेजरसाहेब उभे होते. त्यांनीही वाचलं. ते मला हळू आवाजात म्हणाले, "भामरे, वो लाइन निकाल दो. अच्छा नहीं लगता." ती ओळ कोणत्या फाइलमध्ये आहे, कितवी आहे, काढायची कशी, सेव्ह करताना खाली काय बघायचं, हे सगळं मला ठाऊक आहे. त्यानेच शिकवलंय.

"सर, मेरे को नहीं आता," मी म्हणालो.