कोरड्या मिठाचा धनी

बाळकुमच्या खाडीकाठी धाकूचं मिठागर होतं, आणि त्या मिठाचा त्याला इतका गर्व होता, की लोक म्हणायचे, धाकूच्या घरी कालवण अळणी झालं तरी बायजाची बिशाद नाही मीठ कमी पडलं म्हणायची. बायजा म्हणजे त्याची बायको. ती हे ऐकून पदराआड हसायची, कारण ते बरंचसं खरं होतं.

गर्वाला कारणही होतं. मीठ विकत घेणारा व्यापारी मूठ भरून दाबतो आणि मग तळवा बघतो. तळवा ओला झाला की तो शेकडा दोन-तीन रुपये घट म्हणून कापतो. व्यापारी मात्र गोड जात. तोंडावर कधी म्हणायचा नाही, की बाबा तुझं मीठ ओलं आहे. म्हणायचा, ‘थोडं कापून घेऊ, पण पैसे आत्ता हातावर ठेवू.’ काठावरचं शेंबडं पोरही याचा अर्थ ओळखायचं. धाकूच्या बापाचं मीठ कधी घटीत गेलं नव्हतं, धाकूचंही नाही. शेजारच्या आगरातल्या काळुरामचं दर वर्षी जायचं. तो खुशाल पैसे मोजून कमरेला लावायचा आणि वर धाकूलाच चहा पाजायचा.

एकोणीसशे चोपन्न साली आंबिवलीजवळच्या रंग बनवणाऱ्या एका कारखान्याने दोघांचं मीठ घेतलं. पडाव भरून कल्याणच्या बंदरात माल गेला, तिथून बैलगाड्यांनी कारखान्यात. बंदरावर कारखान्याच्या माणसाने मूठ दाबली, तळवा बघितला आणि काही न बोलता धोतराला पुसला. ते पुसणं धाकूच्या डोळ्यांत राहिलं.

धाकूचं बिल झालं अकराशे रुपयांचं, आणि कारखान्याची रीत पैसे तीन महिन्यांनी देण्याची. माल गेला एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे पैसे जुलैच्या अखेरीस. पण समुद्राच्या बाजूचा बांध त्या वर्षी दोन ठिकाणी खचला होता. तो जूनच्या आत बांधला नाही, तर उधाणाचं पाणी आगरात शिरणार. बांधाला पंधरा गडी लागणार, आणि गड्यांना आठवड्याच्या आठवड्याला मजुरी. बापाने आणि आज्याने पायांनी तुडवून तुडवून दगडासारखा केलेला वाफ्यांचा तळ चिखलाखाली गेला, की धाकूजवळ उरणार काय?

अशात कारखान्याचं पत्र आलं, सोबत सहीचा गुलाबी कागद. शाळेचे विठ्ठल मास्तर ओट्यावर बसून वाचायला लागले. मतलब एवढाच होता, की पैसे आधी हवे असतील तर कागदावर सही करून आठवड्यात धाडा. आठव्या दिवशी रक्कम मिळेल, शेकडा दोन कापून.

बायजाचा चेहरा उजळला. बावीस रुपये जाऊ देत, बांध तर होईल, असं तिने मनात धरलंही. धाकूचं तोंड मात्र आंबलं.

“मास्तर, परत वाचा,” तो म्हणाला. मास्तरांनी परत वाचलं.

“म्हंजे माजं मीठ ओलं,” धाकू म्हणाला.

मास्तर गोंधळले. ओलं असं काही लिहिलेलं नाही, एवढंच ते म्हणाले. तसं कोण लिहील, असं धाकूचं उत्तर. मास्तर शाळेत व्याज शिकवत होते, पण कारखाना लवकर पैसे देऊन वर का कापतो, हे त्यांनाही कुठे ठाऊक होतं?

काळुरामने त्याला आलेल्या गुलाबी कागदावर त्याच दिवशी अंगठा उठवला. धाकूला हा पुरावाच मिळाला. त्याचं ओलं, म्हणून तो कापून घेतो. मग मी घेतलं तर मीही त्याच्याच पंगतीला. बायजाने दोन रात्री समजावलं, तिसऱ्या दिवशी भांडली, चौथ्या दिवशी अबोला धरला. गुलाबी कागद फळीवरच राहिला.

काळुरामचे पैसे आठव्या दिवशी आले आणि त्याचा बांध उभा राहिला. धाकूने आगरात स्वतः चिखल उपसला, बायजाने पाट्या वाहिल्या, मेहुणा चार दिवस आला आणि कंबर धरून परत गेला. एक खचलेली जागा कशीबशी भरली. दुसरी अर्धी राहिली.

ज्येष्ठी अमावस्येला भर दुपारी बाराला उधाण आलं. धाकू बांधावर उभा होता. अर्ध्या राहिलेल्या जागेतून पाणी आधी बोटभर आलं, मग हातभर, मग बांधच बसला. काळुराम आपले गडी घेऊन धावत आला, हे सांगायलाच हवं. पण तोवर वाफे दिसेनासे झाले होते.

जुलैच्या अखेरीस धाकू मास्तरांना घेऊन आंबिवलीला गेला. तिथे सुधीर नावाचा डोंबिवलीचा तरुण कारकून होता. त्याने अकराशे रुपये पुरे मोजून दिले आणि सहज विचारलं, की आधी का नेले नाहीत?

धाकूने विचारलं, “ते शेकडा दोन रुपये कसले कापता?”

“लवकर देतो त्याचे, काका. सगळ्यांचेच कापतो, लोखंडवाल्याचे, कोळशावाल्याचे पण. तुमच्या मालाला कोण नाव ठेवील? इतकं कोरडं मीठ आम्हाला दुसरं आलेलंच नाही.”

ज्याच्यासाठी जीव टाकला, ते धाकूला भर कचेरीत ऐकायला मिळालं. त्याने नोटा धोतराच्या सोग्यात बांधल्या. गाठ नीट बसेना, म्हणून मास्तरांनी बांधून दिली. स्टेशनवर गाडीची वाट बघताना एवढंच म्हणाला, “बायजाला सांगू नका.”

घरी आल्यावर त्याने नोटा तिच्या ओटीत घातल्या. पुरे दिले, म्हणाला, एक पैसा कापला नाही. बायजा मोजत बसली. मग डोळे पुसून म्हणाली, “बघ, तू बरोबर होतास.”

संध्याकाळपर्यंत तिने ते आळीभर केलं: आगर गेलं, पण धन्याने मिठाला ओलं म्हणू दिलं नाही. बाया तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. धाकू आत पाण्याचा तांब्या घेऊन बसला होता, आणि तिचा प्रत्येक शब्द त्याला ऐकू येत होता.